हुक तेवढे राहिलेत

मिरजगावातल्या कुठल्याही गल्लीत भर दुपारी जा. नगर–सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज मागे पडला की एखाद्या ओसरीवरून पायमशीनची खडखड ऐकू येते. मध्येच ती थांबते, आतून ‘परत तुटला!’ असा वैतागलेला सूर निघतो आणि खडखड पुन्हा सुरू होते. ही टेलरताई. कागदोपत्री तिचं नाव पूजा, कोमल, प्रतीक्षा यांपैकी काहीतरी असतं, पण ते हॉल तिकिटापुरतं. गावाच्या लेखी ती टेलरताईच. तिच्या आजीच्या वयाच्या बायकाही तिला ताई म्हणतात. लग्न तोंडावर आलं असेल आणि ब्लाऊज अजून कापलाही नसेल, तर ताईसाहेब म्हणतात.

ही बी.ए. किंवा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असते. कॉलेज कर्जतला. बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून फुकट मिळायचा, आता सवलतीचा काढावा लागतो. अहिल्यादेवींचं चौंडी इथून फार लांब नाही, शेजारच्या जामखेड तालुक्यातलं. त्यांनी महेश्वरला विणकर नेऊन वसवले आणि तिथल्या साडीचं नाव देशभर झालं. साडीची सोय त्यांनी लावून दिली. तिच्यावरच्या ब्लाऊजचं काय, हा प्रश्न सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी टेलरताईच्या ओसरीवर येऊन पडला आहे.

कर्जतचं दादा पाटील महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली ही संस्था काढली. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे तिचं वाक्य आणि ‘कमवा व शिका’ ही तिची योजना. बागेला पाणी घालून, ग्रंथालयात पुस्तकं लावून कितीतरी पोरं शिकली, मोठी झाली. टेलरताईने तीच योजना घरच्या घरी चालवली आहे. फरक इतकाच की तिच्या योजनेत ‘शिका’ रोखीने आहे आणि ‘कमवा’ उधारीवर.

मशीन आईच्या रुखवतातली. तिच्यावर आईने एक झबलं शिवलं होतं म्हणतात, त्यानंतर वीसेक वर्षं तिच्यावर टीव्ही होता. टीव्ही भिंतीवर गेला तेव्हा खालची मशीन उघडी पडली. पट्टा वाळून तुटलेला, बॉबिन केस बेपत्ता, आणि पायडलमागच्या जागेवर एका कोंबडीचा वहिवाटीचा हक्क. कोंबडी हलवली, पट्टा बदलला, तेल घातलं, सुयांचं पाकीट आणलं. एवढ्या भांडवलावर उद्योग उभा राहिला. यंत्रांवर फारसा लोभ नसलेल्या गांधीजींनीही शिवणाच्या मशीनला सूट दिली होती. सिंगरने बायकोची सुईदोऱ्याची दगदग पाहिली आणि ती वाचवण्यासाठी हे यंत्र केलं, असं त्यांनी 1924 सालच्या एका संभाषणात सांगितलं होतं. सिंगरच्या बायकोची दगदग वाचली असेल. मिरजगावात साऱ्या गल्लीच्या बायकांची दगदग एका मुलीच्या ओसरीवर गोळा झाली.

शिवणक्लासच्या बाई सुरुवातीला सुईत दोराच ओवू देत नाहीत. वहीचा रेघांचा कागद सुईखाली धरायचा आणि रेघेवरून मशीन चालवायची. भोकं रेघेवर पडली की पास. पायाचा ठेका चुकला की चाक उलटं फिरतं, कागद पुढे सरकायचा सोडून तुमच्याकडे यायला लागतो. टेलरताईचा पहिला कागद उजेडात धरून बाई म्हणाल्या, “ही रेघ आहे का सीना नदी?” कागदानंतर झबलं, मग टोपडं, परकर, पंजाबी ड्रेस, आणि सगळ्यात शेवटी ब्लाऊज. हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला असणार. झबलं घालणाऱ्याला तक्रार करता येत नाही, आणि ब्लाऊज घालणारीला तक्रारीशिवाय राहता येत नाही.

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे चुलतचुलती. तिच्या ब्लाऊजची हकिगत सविस्तर सांगायला हवी. बाही कापताना मुंढ्याचा गोल पुढच्या बाजूला जास्त खोल घ्यायचा असतो, मागे कमी, कारण माणसाचा हात पुढे जातो. म्हणून डावी बाही वेगळी आणि उजवी वेगळी. कापडाची सुलट बाजू आत घेऊन दुमड घातली की एकाच कापात डावी-उजवी जोडी निघते. टेलरताईने दुमड घातली नाही. एक बाही कापली, ती कापडावर तशीच ठेवून दुसरी कापली, आणि दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. कापड साडीतलं होतं, काठ जुळवलेला. उरलेल्या कातरणात गळ्याची पट्टीसुद्धा मुश्किलीने बसत होती. ती रात्र तिने त्या दोन डाव्या बाह्या समोर ठेवून काढली. एक उलटी करून पाहिली, तर कापडाची उलटी बाजू वर आली. खालची वर करून पाहिली, तर काठ खांद्यावर आला. शेवटी तिने दुसरी डावी बाही उजवीकडे लावून टाकली आणि देवाचं नाव घेतलं.

काकूंनी ब्लाऊज घालून पाहिला. “हात वर जाईना गं.”

“नवीन हाये ना काकू. दोनदा धुतला की बसंल.”

ज्या लग्नासाठी ब्लाऊज होता, तिथे काकूंनी अक्षता डाव्या हाताने टाकल्या. अल्बममध्ये फोटो आहे. ब्लाऊज मात्र धुतल्यावर खरंच बसला, असं काकू सांगतात. ‘धुतल्यावर बसेल’ हे वाक्य क्लासमध्ये कोणी शिकवत नाही, पण तेवढं आलं की शिक्षण पुरं झालं म्हणायला हरकत नाही. घट्ट झालेला ब्लाऊज धुतल्यावर सैल होतो, सैल झालेला धुतल्यावर आटतो, आणि गळा एका बाजूला गेलेला असेल तर तो साडीचा पदर आल्यावर दिसत नाही.

आता गिऱ्हाईकही काही कमी नाही. ते ‘मापाचा ब्लाऊज’ घेऊन येतं. हा मापाचा ब्लाऊज म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वीचा, दोन्ही बगलांना उसवून सैल केलेला, त्यावर पुन्हा एकदा आत घेतलेला. मूळ माप यातलं कोणतं, हे तो शिवणारा टेलरही सांगू शकणार नाही. “अस्सा शीव,” बाई सांगतात, “फक्त जरा सैल. पण अंगासरशी बसला पाहिजे. पाठीमागून गळा मोठा घे, पण सासूबाईंना मोठा दिसायला नको.” टेपने माप घेऊ म्हटलं तर आकडा ऐकून बाईंचा चेहरा उतरतो. “चाळीस? टेप जुनी झाली तुझी. ताणली असंल.” मग टेलरताई चाळीस लिहिते आणि अडतीस म्हणते. एवढं धोरण तिला अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडलं नसतं.

मालिकेतल्या नायिकेचा पाठमोरा फोटो मोबाइलवर दाखवतात तो तर वेगळाच प्रकार. मटका गळा, पानगळा, दोऱ्या, लटकन, बाहीला जाळी. नायिकेची पाठ आणि आपली पाठ यांत फरक आहे, हे कोणी कोणाला सांगायचं? टेलरताई सांगत नाही. “करू की,” म्हणते आणि रात्री यूट्यूबवर ‘मटका गळा कटिंग’ शोधते. तिथे एक दीदी हिंदीत सांगते की हे फारच सोपं आहे. वीस मिनिटांच्या व्हिडिओत पंधरा मिनिटं सबस्क्राईब करण्यात जातात आणि नेमकी कात्री चालते तेव्हा दीदीचा हात कॅमेऱ्यापुढे येतो.

या सगळ्यात मशीनच्या शेजारी जाजमावर आजी बसलेली असते. ती या उद्योगाचा स्वागतकक्ष, जाहिरात विभाग आणि व्यवस्थापक, सगळं एकटीच. टेलरताई कॉलेजला गेली की कामं आजी घेते. लिहिता येत नाही, पण कोणाचा खण कुठल्या पिशवीत आणि ती बाई कोणाची कोण, हे तिच्या पक्कं ध्यानात. खोट एकच. तारीख द्यायला तिला काहीच वाटत नाही. “परवा ये की. पोरगी रातभर बसंल.” रात्रभर बसायचं कोणी, हा विषय आजीच्या खात्यात येत नाही. संध्याकाळी कर्जतहून येणारी एसटी उशिरा आली, पोरगी दमून उंबऱ्यात टेकली की आजी दिवसभराचा जमाखर्च सांगते: चार ब्लाऊज, दोन फॉल-पिको, एक परकर, आणि परवाच्या चार तारखा.

भाऊही आहे. टेलरिंगची मोठी कात्री ही त्याच्या दृष्टीने घरातली एकमेव चालणारी कात्री. पतंगाचा कागद, सायकलची ट्यूब, खताच्या गोणीचा सुतळीचा टाका, सगळं त्याच कात्रीने. कागद कापला की कात्रीची धार जाते आणि मग रेशमी कापड कापण्याऐवजी चावायला लागते. “कात्रीला हात लावू नको” यावरून त्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी शेताच्या बांधावरून झाली नसतील.

पण सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे एक वाक्य. ‘तू काय घरीच असती.’

दुकान टाकून बसलेल्या टेलरला कोणी म्हणत नाही की जरा ऊठ आणि दळण घेऊन ये. टेलरताईला म्हणतात. ती घरीच असते ना! गॅसवाला येणार आहे, घरीच असती, टाकी घे. पाव्हणे आले, मशीन बंद कर, कानठळ्या बसतात. धाकट्या चुलतीचं लेकरू जरा सांभाळ, तू काय नुसती बसलेली. पाय पायडलवर, डोळा सुईवर, दोन्ही हात कापडाखाली आणि काखेत लेकरू, याला नुसतं बसणं म्हणतात. परीक्षा जवळ आली तर कॉलेजवाले म्हणतात हजेरी कमी आहे, घरी काय करतेस? घरचे म्हणतात कॉलेजात काय करतेस, इथं ब्लाऊज पडलेत. दोन्हीकडे ती गैरहजर धरली जाते.

अशा माणसाला खोटं बोलल्याशिवाय जगता येत नाही. म्हणून तिने धंद्याची भाषा उचलली. तिचा उलगडा बाहेरच्यांसाठी करून ठेवतो. ‘आज घेते कापायला’ म्हणजे पिशवी अजून आजीच्या जाजमाखाली आहे. ‘शिवून झालाय, हुक तेवढे राहिलेत’ म्हणजे आज कापला. ‘इस्त्री राहिलीय’ म्हणजे हुक राहिलेत. आणि ‘या, घेऊन जा’ म्हणजे तुम्ही येईपर्यंत इस्त्री होईल. ‘लाइट नव्हती’ हेही कारण बरेच दिवस चाललं. पायमशीनला वीज लागत नाही हे एका हुशार मावशीच्या लक्षात आलं तेव्हा ते बंद करावं लागलं. हुक-आयपट्टी लावायला खरं तर फार वेळ लागत नाही. पण ‘हुक राहिलेत’ ऐकलं की बाई निम्मी निवांत होते. काम शेवटाला आलंय, आता दोन दिवस थांबायला हरकत नाही, असं तिला वाटतं. एवढा दिलासा देणारं वाक्य दुसऱ्या कुठल्या धंद्यात मला भेटलेलं नाही.

सरकारी योजनांचंही एक दालन आहे. ‘पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना’ असा मेसेज गावच्या सगळ्या ग्रुपवर दरवर्षी फिरतो. सरकारच्या पीआयबीने तो खोटा असल्याचं जाहीर करून झालं, तरी वडिलांनी तो तिला पुन्हा पाठवलाच, खाली हात जोडलेलं चित्र घालून. खरी योजना आली ती 17 सप्टेंबर 2023 ला, पीएम विश्वकर्मा. त्यातल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम होतं. काही दिवसांचं प्रशिक्षण, त्याचा रोजचा 500 रुपये भत्ता, आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर. त्या हंगामात सुईत दोरा ओवताना ज्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं, असे कितीतरी जन्मजात कारागीर अर्ज घेऊन सेतू केंद्राच्या रांगेत उभे होते. टेलरताई अर्ज भरायला पोहोचली तेव्हा रांगेतल्या एकाने तिलाच विचारलं, “ताई, बॉबिन म्हंजी काय असतं? विचारलं तर सांगता यायला पायजे.” दुसरीकडे ‘लाडकी बहीण’चे 1,500 रुपये आईला आले. टेलरताईला अजून 21 पूर्ण नाहीत, तेव्हा सरकारी हिशेबात ती बहीण व्हायची आहे.

2024 साली शाळेच्या गणवेशाचं गाजलं तेही तिने दुरून पाहिलं. राज्यभर एकाच रंगाचा गणवेश, कापड वरून येणार, शिलाईचं काम महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे. कल्पना कानाला बरी होती. पण शाळा सुरू होऊन महिने गेले तरी कित्येक ठिकाणी गणवेश पोहोचले नाहीत, आणि जे पोहोचले त्यात कुठे पोरगं मावेना, कुठे दोन मावतील. डिसेंबर 2024 मध्ये तो निर्णय मागे घेऊन गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला गेला. टेलरताईच्या आजीचं त्यावरचं मत असं, की पहिलीतल्या पोरांची मापं एक नसतात हे मुंबईला विचारायची गरज नव्हती, तिने ते जाजमावर बसल्या बसल्या सांगितलं असतं. शिलाईच्या पडत्या दराबद्दल मात्र आजी काही बोलली नाही, कारण तिच्या घरचा दर त्याहून कमी होता.

दराची गोष्ट इथून सुरू होते. खरं सांगायचं तर टेलरताईची सगळी गोष्ट दराचीच आहे.

साधा ब्लाऊज 150, अस्तराचा 300, दोऱ्या-लटकन असतील तर वर 50, असा तिचा भाव ठरलेला. फक्त तो तिच्या मनात ठरलेला. तोंडातून निघताना त्याचं ‘द्या तुम्हाला द्यायचे ते’ होतं. आणि माणसाला द्यायचे ते म्हणजे किती? कोणी शंभराची नोट पुढे करतं आणि म्हणतं, “वीस परत दे, रिक्षाला लागतील.” कोणी मेथीची जुडी आणतं. लिंबाचा सीझन असला की लिंबं येतात, कांदा उतरला की कांदा येतो. घरात ज्वारीला तोटा नव्हताच, शिलाईच्या कांद्याने भाजीचाही प्रश्न सुटला. पण दोऱ्याचं रीळ कांद्यावर मिळत नाही. अस्तर, हुक, तेल, सुया, इंटरलॉकचे दुसरीकडे द्यायचे पैसे, सगळं रोख. म्हणजे प्रत्येक ब्लाऊजमागे ती गावाला थोडं थोडं कर्ज देत होती, बिनव्याजी आणि बिनमुदतीचं.

हिशेब लिहायची तिची वही म्हणजे अर्थशास्त्राचीच वही. पुढून लेक्चरच्या नोट्स, मागून उधारी. पुढच्या पानावर सुवाच्य अक्षरात मागणीचा नियम: किंमत घटली की मागणी वाढते. मागच्या पानावर त्याचा पुरावा. नातेवाइकांसाठी किंमत शून्य होती, त्यामुळे मागणीला अंत नव्हता. आत्या, दोन मावश्या, मामी, चुलतचुलती, वहिनीची बहीण, आणि आत्याची शेजारीण, ‘आमच्यातलीच हाये’ म्हणून. संत नामदेव शिंपी होते. त्यांनी देवाला जेवू घातल्याची कथा सगळे सांगतात. गिऱ्हाइकाकडून शिलाई वसूल केल्याची कथा कोणी सांगत नाही. ती सांगितली असती तर अशा मुलींच्या फार उपयोगाला आली असती.

आषाढी वारीच्या वेळी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी मिरजगावावरून पंढरपूरला जाते. दिंड्यांमधली माणसं ओसरीवर पाणी प्यायला टेकतात, मशीन दिसली की एखादी आजी पडशीचा उसवलेला बंद पुढे करते. ती टीप टेलरताई हसत मारते आणि पैसे घेत नाही. वारकरी आजीही ‘जरा कमी कर’ म्हणत नाही. ‘माउली’ म्हणते आणि पुढे जाते. नात्यातल्या बायकांनी एवढंच केलं असतं तरी पुढचं रामायण टळलं असतं.

रामायण घडलं परीक्षेच्या फीवरून. फी भरायची शेवटची तारीख आली. तिने वडिलांकडे पैसे मागितले. वडील म्हणाले, “तू कमावती ना? रातंदिस मशीन चालतीय.” यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. टेलरताईने वही मागून उघडली. बेरीज केली. फीच्या दुप्पट पैसे लोकांकडे होते, आणि त्यातले तीन चतुर्थांश रक्ताच्या नात्याकडे. वडिलांनी चष्मा लावून पान वाचलं. वरून तिसरं नाव त्यांच्या सख्ख्या बहिणीचं होतं. वडिलांनी चष्मा काढला आणि बैलाला पाणी पाजायला गेले.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. तिचा अस्तराचा ब्लाऊज तयार होता, हुकांसकट. टेलरताईने तो घडी घालून पिशवीत ठेवला, आणि पिशवी दिली नाही, मांडीवर ठेवली.

“तीनशे झाले आत्या.”

“काय तीनशे?”

“शिलाई.”

आत्याने आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी गिऱ्हाईक आहे का म्हणून. नव्हतं. मग आजीकडे पाहिलं. आजीला नेमकं त्याच वेळी जपमाळेचं आठवलं. “आगं, मी तुझी आत्या,” आत्या म्हणाली.

“म्हणून तर तीनशे. बाहेर साडेतीनशे घेते.”

हे वाक्य ती रात्रभर पाठ करत होती, असं तिने नंतर कबूल केलं. आवाज कापत होता, कानशिलं तापली होती, पण पिशवी मांडीवरून हलली नाही. शिवणक्लासला तिला सहा महिने लागले होते. ‘तीनशे झाले’ हे दोन शब्द यायला अडीच वर्षं लागली. आत्याने कमरेची पिशवी सोडली, नोटा मोजल्या, दोनदा मोजल्या आणि देताना म्हणाली, “शिकवून सवरून पोरी अशा होत्यात.” हे तिने शाप म्हणून म्हटलं होतं.

गावात बोभाटा झाला. पोरगी लई पैशाची झाली. शिकली म्हणून शेफारली. बापाला सांगायला पाहिजे. काही दिवस ओसरीवर शुकशुकाट होता, आजीला कोणाला तारीख द्यायला मिळेना, ती उदास झाली. मग लग्नसराई आली. बायका दुसरीकडे कपडे टाकून आल्या तेव्हा कळलं की तिथे भाव जास्त आहे, पैसे आधी घेतात, आणि हुक तिथेही राहतातच. एकेक करून सगळ्या परत आल्या, ‘इकडून चालले होते म्हणून डोकावले’ असं म्हणत. चुलतचुलतीसुद्धा आली. तिने फक्त बाह्या नीट बघून घेतल्या.

खरी परीक्षा झाली ती मात्र स्थळ आलं तेव्हा. पाहुणे मांदळीकडचे. पोहे झाले, मुलाने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली, आणि मुलाच्या आईने विचारलं, “शिवणकाम कितपत येतं?” बायोडाटात ते ठळक अक्षरात लिहिलेलं होतंच. आईने कपाटातले नमुने काढले. पाहुणीने प्रत्येक ब्लाऊज उलटा करून आतली शिलाई पाहिली, म्हणजे जाणकार होती. जाताना पर्समधून दोन कापडं काढून ठेवली. “सवडीने शीव. आपल्यातच आहे आता.” निरोप काही आला नाही. ‘ब्लाऊज झाले का’ असे फोन मात्र येत राहिले. टेलरताईने दोन्ही ब्लाऊज शिवले, फोटो पाठवला, आणि फोटोखाली: ‘एकूण 600’. आई देवघरापुढे जाऊन बसली. संध्याकाळी मोबाइलवर 600 रुपये जमा झाल्याचा आवाज झाला आणि चार दिवसांनी निरोपही आला की मुलगी चांगली आहे, पण जरा हिशेबी वाटते. स्थळ गेलं. गिऱ्हाईक राहिलं. ती बाई अजून मांदळीहून ब्लाऊज टाकायला येते, आणि स्वतःच्या सुनेचेही इथेच टाकते.

वडिलांचं वागणं तेवढं बदललं. पूर्वी ते ‘मशीनवर बसती’ म्हणायचे, आता पाहुण्यांना ‘काम करती’ म्हणतात. खताच्या वेळी दोन हजार कमी पडले तेव्हा त्यांनी ते तिच्याकडे मागितले, तेही दारात उभं राहून, घसा खाकरून. तिने दिले. वहीच्या मागच्या पानावर ‘बापू – 2,000’ असं लिहिलंही. वडिलांना ते दिसलं, पण यावेळी ते बैलाकडे गेले नाहीत. “तारीख पण टाक,” म्हणाले.

तुमचे काही कपडे तिच्याकडे टाकायचे असतील तर नियम सांगून ठेवतो. मापाचा ब्लाऊज अलीकडचा आणा. अस्तर आधी भिजवून आणा, नाहीतर आटल्यावर तिच्याकडे यायचं नाही. निम्मे पैसे कापड देतानाच, मोबाइलवर चालतात, क्यूआर मशीनच्या फळीवर चिकटवला आहे. दिवाळीआधी पंधरा दिवस आणि परीक्षेच्या काळात नवीन काम घेत नाही. तारीख तिच्याकडूनच घ्या, आजीकडून घेऊ नका. आणि ‘आम्ही घरातलेच आहोत’ हे वाक्य गेटाबाहेर बोलून या.